आंबा संपला, बेडं लावलेलं आहे

मांडवीला सकाळी समुद्रावर फिरणाऱ्या आम्हा बायकांचा एक घोळका आहे. मी त्यात नवीन असताना एकीने विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "वेबसाइट बनवते, थोडं लिहिते आणि कोणी बोलावलं तर भाषणाला जाते." ती चालता चालता म्हणाली, "म्हणजे नोकरी नाही." मग माझं सांत्वन करावं तसं, "असू दे. मिस्टर आहेत ना नोकरीत?"

मिस्टर आहेत. शाळेत गणित शिकवतात आणि माझ्या धंद्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. सासूबाई होत्या तोवर त्या मात्र काढायच्या. "दिवसभर भिंतीकडे तोंड करून खटखट करत्ये. साहेब नाही, हपीस नाही, रजा नाही. हे कसलं गो काम?" रजा नाही हे त्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं.

दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "नव्या मुलामुलींना मार्गदर्शन होईल असं काहीतरी लिहा." मार्गदर्शन करण्याजोगं माझ्याजवळ फारसं नाही. रत्नागिरीत बसून, कोणाच्या हाताखाली न राहता पोट भरता येतं हे मी करून दाखवलं, त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवतही नाही. माझ्या वर्गातले बहुतेक सगळे मुंबईला गेले, काही पुढे परदेशी गेले. मी हट्टाने राहिले. पण हे काम फार एकटं आहे बरं का. दिवसभर माणसांसाठी राबायचं आणि समोर माणूस नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत जी माणसं फोनवरून का होईना घरात शिरली, त्यांची आठवण फार येते. त्यातल्या एकाची तर रोज येते. त्यांच्याबद्दलच लिहिते.

आधी वेबसाइट म्हणजे काय ते सांगते, कारण अजूनही लोक मला 'मोबाइल दुरुस्त करून देता का' म्हणून विचारतात. एक नाव घ्यायचं. ते दर वर्षी आपल्या नावावर चालू ठेवावं लागतं, विसरलात तर दुसरा कोणी उचलतो. मग एक जागा घ्यायची, ती भाड्याची. त्या जागेवर मी घर बांधते. दारावर पाटी लावते, आत फोटो लावते, मजकूर लिहिते. गिऱ्हाईक म्हणतं, "झालं ना एकदाचं?" आणि खरं काम तिथून सुरू होतं, कारण घर म्हटलं की गळतंच.

गिऱ्हाइकंही एकेक नग. एका लॉजवाल्याने सांगितलं, "ताई, फोटोतला समुद्र जरा निळा करा." केला. पुढे त्याच्याकडे उतरलेली पुण्याची मंडळी विचारायला लागली, "तो समुद्र कुठला?" तर त्याने त्यांना माझाच नंबर देऊन टाकलान! एका संस्थेच्या विश्वस्तांमध्ये कोणाचा फोटो वर आणि कोणाचा खाली यावरून अशी जुंपली, की रोज संध्याकाळी एकेकाचा फोन. शेवटी मी सगळ्यांचे फोटो गोल फिरते ठेवले. कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही. एक दातांचे डॉक्टर तर अख्खी वेबसाइट कागदावर छापून, लाल पेनाने दुरुस्त्या करून एस्टीच्या पार्सलने पाठवायचे.

आणि आप्पा. त्यांचा पहिला फोन आला तो सकाळी साडेसातला. पुढे तीच त्यांची वेळ झाली.

"वेबसाइटवाल्या बाई का? मी केळशीहून बोलतोय. मला एक करून हवी."

"कशासाठी हवी?"

"आंब्यासाठी. आणखी कशासाठी असणार?"

आणखी कशासाठी तरी होती हे कळायला मला बराच काळ लागला.

फोटो काढायला मी केळशीला गेले. जयगडची फेरीबोट, मग दाभोळची, असं खाड्या ओलांडत, धूळ खात पोचले. आप्पा बेड्याशी उभे होते. बेडं म्हणजे आमच्याकडचं वाडीचं फाटक, आडव्या दांड्या सरकवून बंद करायचं. उंच, काटकुळे, पंच्याहत्तरीला टेकलेले, अंगात बिनबाह्यांची बंडी. त्यांनी दांड्या काढल्या, मला आत घेतलं आणि पुन्हा लावल्या. "गुरं शिरतात," म्हणाले, "आणि हल्ली माणसंही." घर स्वच्छ सारवलेलं. आतल्या खोलीत पेंढ्याच्या आढीत आंबे पिकत घातलेले, त्या वासाने माझी तर भूकच खवळली. ओसरीवर झोपाळा. शेजारच्या कुसुमकाकू त्यांचं जेवणखाण बघायच्या. त्यांनी मला ताटावर बसवलं आणि विचारण्याआधीच आमरस वाढला.

भिंतीवर एक फोटो होता. आप्पा, त्यांची बायको आणि मध्ये पदवीचा झगा घातलेला मुलगा. मी विचारलं, "हा मुलगा का तुमचा?" आप्पा म्हणाले, "हो," आणि विहिरीकडे निघून गेले. त्या घरात फोनला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी येते. मला वाटलं फोन करायला गेले असतील.

कुसुमकाकूंनी हळू आवाजात सांगितलं. मुलाचं नाव शिरीष. कॅनडात, हॅलिफॅक्सला असतो. आई गेली तेव्हा त्याचे तिथले कागद कुठेसे अडकले होते, त्याला वेळेत निघता आलं नाही. तिचं दिवसकार्य झाल्यावर त्याने फोन केला, "निघतोय." आप्पा म्हणाले, "आता येऊन काय करणार आहेस?" आणि फोन ठेवलान त्यांनी. "तेव्हापासून तिकडून फोन नाही, इकडूनही नाही," काकू म्हणाल्या. "दोघांचा ताठा सारखा. बाप तसा बेटा. मध्ये बोलणारी होती ती गेली."

असली माणसं मी आमच्या घरातच बघितल्येत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. कोकणातला माणूस वाट बघत बसेल, झिजेल, पण आपण होऊन फोन करायचा नाही.

साइट तयार झाली. पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "आप्पा, काल डझनभर लोक येऊन गेले."

"कोण कोण?"

"नावं कळत नाहीत हो. यंत्र फक्त गाव सांगतं, तेही अंदाजाने."

"गावं सांग मग."

मी वाचून दाखवली. मुंबई, ठाणे, पुणे, एक सांगलीचा.

"सांगलीचा कोण?" आप्पा विचारात पडले. "पाणीबिणी विचारलंस का त्याला?"

मी हसले. ते हसले नाहीत. दारात माणूस आला की पाणी विचारायचं, ही त्यांच्यासाठी थट्टा नव्हतीच. दुसऱ्या दिवशी साडेसातला फोन. "काय गो वृंदे, आज कोण आलंवतं?" तिसऱ्या दिवशी पुन्हा. कामाच्या भाषेत सांगायचं तर गिऱ्हाइकाने आकडेवारी बघायची ती महिन्यातून एकदा, तीही बघितली तर. आप्पांनी तिचं रोजचं पंचांग करून टाकलं. आधी मी वैतागले. मग चहाचा कप घेऊन फोनची वाट बघायला लागले. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "वाजला गो, तुझ्या केळशीच्या म्हाताऱ्याचा!"

अगोट जवळ आली, म्हणजे पाऊस तोंडावर आला, शेवटच्या पेट्या गेल्या, आणि एके सकाळी आप्पा म्हणाले, "वृंदे, आता साइट बंद कर."

"बंद? का हो?"

"आंबा संपला."

मी त्यांना समजावलं. अहो आप्पा, वेबसाइट म्हणजे काही हंगामी दुकान नव्हे. ती बारा महिने उघडी असते. बंद ठेवली की शोधणारी यंत्रं तिला विसरतात, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते. हे आमच्या धंद्यातलं अगदी पहिलं कलम आहे.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आंबा नाही आणि दार सताड उघडं? माणसं लांबून येतील, ओसरीवर कोणी नाही, तशीच माघारी जातील. बरं दिसतं का ते?"

"मग काय करायचं म्हणता?"

"बेडं लाव. आणि पाटी लाव. आलेल्याला कळू दे की घरात माणूस आहे."

डोक्यावर हात मारून घेतला मी. पण गिऱ्हाईक शेवटी गिऱ्हाईक. पेट्यांची चित्रं काढली, भाव काढले, आणि पानावर त्यांनी सांगितलं तेवढंच घातलं. 'आंबा संपला. बेडं लावलेलं आहे. हाक मारलीत तर ऐकू येईल.' खाली त्यांचा नंबर, त्याखाली माझं नाव आणि नंबर. जगात अशी वेबसाइट दुसऱ्या कोणी केली असेल असं मला वाटत नाही.

आठवडाभराने आप्पा म्हणाले, "पाटीवर आणखी एक ओळ घाल. विहिरीचं पाणी वरच्या पायरीला लागलं." मी घातली. मग दोन दिवसांनी, "सुपारीला कोळेरोग दिसत नाही यंदा." मग, "तांबू गाय व्याली. पाडी झाली." अशी ती पावसाळाभर पाटी वाढत गेली.

सुरुवातीला मी त्या ओळींना जरा नटवायचे. लिहायची हौस होतीच मला. 'श्रावणसरींनी विहीर तुडुंब झाली' असं काहीतरी लिहून वाचून दाखवलं, तर आप्पा कडाडले, "हे मी बोललो नाही. पूस ते. विहीर भरली, एवढंच आहे ते." पुसलं. मला लिहिता येतं असं जे लोक म्हणतात ना, ते त्या पुसण्यातून आलं. पुढे एका साप्ताहिकाच्या संपादकांनी ती पाटी वाचली आणि मला सदर लिहायला सांगितलं. माझं लिहिण्याचं दुकान तिथून उघडलं.

आणि गंमत बघा. आंबा असताना येत त्याच्या दुपटीने माणसं बंद साइटवर यायला लागली! धंद्यातलं माझं पहिलं कलम केळशीच्या विहिरीत गेलं.

त्याच पावसात एका सकाळी मी गावं वाचत होते. मुंबई, डोंबिवली, पुणे, नाशिक. "आणि एक लांबचा आहे आप्पा. कॅनडा. हॅलिफॅक्स."

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं रेंज गेली. "आप्पा? आहात का?"

"आहे," ते म्हणाले. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न बदलला. "लांबचा आलावता का?" मी बघायचे. आलेला असायचा. बहुतेक रोज, हॅलिफॅक्सहून एक. कधी एखाद्या दिवशी नसला की आप्पा म्हणायचे, "कामात असेल," आणि त्यांचा आवाज उतरायचा. मी त्या एका आकड्याची त्यांच्याइतकीच वाट बघायला लागले. तोंड धुण्याआधी मशीन उघडायचे, खोटं कशाला सांगू.

एकदा न राहवून म्हटलं, "आप्पा, यंत्र नाव सांगत नाही हं. तो शिरीषच असेल असं नाही."

शिरीषचं नाव मी पहिल्यांदाच घेतलं होतं. आप्पा चिडले नाहीत. "मग दुसरं कोण असणार?" शांतपणे म्हणाले. "तिथे आपलं आणखी कोण आहे?"

"मग फोन करा ना त्याला. रोज बघतोय तो."

"कशास? बघतोय म्हणजे खुशाल आहे. यायचं तेव्हा येईल. बेडं लावलंय, कुलूप नाही घातलेलं."

त्यानंतर पाटीवरच्या ओळी कोणासाठी आहेत हे मला पक्कं कळलं. 'मागल्या दारचा फणस यंदा धरला नाही.' 'माडीवरची पश्चिमेची खिडकी दुरुस्त केली.' 'ओसरीच्या झोपाळ्याला नव्या कड्या घातल्या.' गिऱ्हाइकाला झोपाळ्याच्या कड्यांशी काय करायचंय? आप्पा सांगायचे, मी टंकायचे, आणि दोघंही त्याबद्दल अवाक्षर बोलायचो नाही.

माझी भाषणंही त्यांच्यामुळेच सुरू झाली. देवरूखच्या एका कॉलेजात मला बोलावलं होतं, 'स्वतंत्र व्यवसायाच्या संधी' असा विषय. मी पडद्यावर दाखवायला चित्रंबित्रं, तक्ते असं सगळं जय्यत करून नेलं. पावसाने वीज गेली. वर पत्रा, त्यावर ताशा वाजावा तसा पाऊस, आणि समोर अंधारात मुलं. प्राचार्य म्हणाले, "थांबू या का जरा?" देवरूखचा पाऊस, थांबून काय होणार? मी तशीच मोठ्याने बोलायला लागले. तक्ते तर गेले, मग आठवेल ते सांगू लागले, आणि आठवले आप्पा. बेड्याची गोष्ट सांगितली, सांगलीकराला पाणी विचारायची सांगितली. मुलं पोट धरून हसली. लांबच्या माणसाची सांगितली तेव्हा पावसाचाच तेवढा आवाज राहिला. पुढे जिथे जिथे बोलावलं तिथे लोकांना हीच गोष्ट हवी असायची.

त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, तो त्यांचा मुलगाच आहे हे कशावरून?" मी म्हटलं, "कशावरूनच नाही." ती म्हणाली, "मग तुम्ही शोधत का नाही?" खरं सांगू का, शोधता आलं असतं. मला शोधायचं नव्हतं. आप्पांचा दिवस त्या एका आकड्यावर उभा होता, तो हलवायची माझी छाती नव्हती.

अशी काही वर्षं गेली. दर वर्षी आंबा संपला की बेडं लावायचं, मोहोर आला की काढायचं. सासूबाई गेल्या, तेव्हा आप्पांनी फोनवर फक्त विचारलं, "जेवलीस का?" मी रडले तर ते नुसते ऐकत राहिले.

मग एका श्रावणात साडेसात वाजून गेले आणि फोन आला नाही. मी चहा गार होईपर्यंत बसले. मीच लावला, तर लागेचना. उन्हं वर आल्यावर कुसुमकाकूंचा फोन आला. "आप्पा गेले गो. झोपेतच गेले." आदल्या दिवशी त्यांनी सांगितलेली ओळ पाटीवर तशीच होती. 'मागल्या दारचा फणस यंदाही धरला नाही. म्हातारा झाला असेल. पण तोडायचा नाही.' तिच्याखाली मी लिहिलं, 'आप्पा गेले.' नटवायचा प्रश्नच नव्हता.

बाराव्याला मी केळशीला गेले. ओसरीवर झोपाळ्याच्या शेजारी खाली चटईवर शिरीष बसला होता. फोटोतला मुलगा, आता डोक्यावरचे केस गेलेला; आप्पांच्या फोनमधल्या नंबरावर कुसुमकाकूंनी त्याला कळवलं होतं. मी माझं नाव सांगितलं. त्याने नुसती मान हलवली. मला वाटत होतं की त्याला बरं वाटेल असं माझ्याजवळ काहीतरी आहे. म्हणून म्हटलं, "तुम्ही रोज साइट बघत होतात ते आप्पांना ठाऊक होतं. फार आधार होता त्यांना त्याचा."

"कसली साइट?" शिरीष म्हणाला.

"आंब्याची," कसंबसं म्हटलं. "तुम्ही हॅलिफॅक्सहून रोज बघायचात ना..."

"हॅलिफॅक्स सोडून मला बरीच वर्षं झाली ताई. आई गेली त्यानंतर लगेचच. मी कॅलगरीला असतो, कॅनडाच्याच दुसऱ्या टोकाला." मग त्यानेच विचारलं, "त्यांना वाटत होतं, मी बघतोय?"

"हो."

"रोज?"

"रोज विचारायचे."

त्याला साइटचं नाव सांगितलं. तो उठून विहिरीच्या कठड्याशी गेला. मी ओसरीवरून बघत होते. अंगठ्याने एकेक ओळ वर सारत तो वाचत होता. पाऊस भुरभुरायला लागला तरी हलला नाही. कुसुमकाकू छत्री घेऊन गेल्या आणि त्याच्या डोक्यावर धरून उभ्या राहिल्या. परत आला तेव्हा म्हणाला, "दर वर्षी तिकीट बघायचो मी. म्हणायचो, ते बोलावतील, मग जाऊ." मला रडू आवरेना. त्यालाही आवरलं नाही. बोलावणं पाटीवर लिहिलेलं होतं हो इतकी वर्षं, आणि ज्याला लिहिलं त्याला पाटी लावल्याचंच ठाऊक नव्हतं.

निघताना त्याने सांगितलं, "बाग कराराने दिली आहे. आंबा आता त्यांच्या नावाने जाईल. साइट बंद करून टाका." मी "बरं" म्हटलं. बंद करणं काही अवघड नसतं, एक कळ दाबायची. पण मी आज करू, उद्या करू म्हणत राहिले.

आणि एके सकाळी फोन वाजला. साडेसातला. मी अशी धावले की चहा सांडला.

"हॅलो, वृंदाताई का? तुम्ही मला ओळखत नाही. मी सुप्रिया. हॅलिफॅक्सहून बोलत्येय."

मी खुर्चीत बसले.

तिचं माहेर देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगरातलं. वडील मुंबईला नोकरीत, ती आईबरोबर गावात वाढलेली. आता तिथे एका वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. म्हणाली, "एकदा आंबा मिळतो का बघत होते, तर 'बेडं लावलेलं आहे' असं आलं. ताई, बेडं हा शब्द मी किती वर्षांनी वाचला! आमच्या घराचं बेडं मीच लावायची संध्याकाळी. आई गेली आणि घर बंदच पडलं. आता गवताने वेढलंय म्हणतात. मग मी रोज ड्यूटीला निघण्याआधी तुमची पाटी बघायला लागले. नवीन काही नसलं तरी बघते. विहीर भरली म्हटलं की बरं वाटतं."

मी विचारलं, "मग कधी फोन का नाही केलास? आप्पांचा नंबर होता की तिथे."

"अनेकदा वाटलं. पण काय म्हणून करू? माझं त्यांचं नातं काय? ते गेल्याचं वाचलं त्या दिवशी मी कामाला गेले नाही. आता तुम्ही साइट बंद करणार का? करू नका ना. निदान फणसाचं कळू दे."

मी शिरीषला फोन लावून सगळं सांगितलं. आप्पा ज्याला मुलगा समजत होते ती ही कोण मुलगी, तेही सांगितलं. त्याने तिचं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, "राहू द्या साइट. पण पाटीवर लिहील कोण?"

"कुसुमकाकू सांगतील. मी लिहीन."

तसंच चाललंय. आता पानावर आंब्याची पेटी नाही, भाव नाही, विकायला काहीच नाही. नुसतं बेडं आहे आणि पाटी आहे. धंद्यातली मुलं विचारतात, "मॅडम, ही साइट कशासाठी?" मी त्यांना काहीतरी सांगून वेळ मारून नेते. यंदा उन्हाळ्यात काकूंचा फोन आला, त्या अक्षरशः ओरडत होत्या, "वृंदे, मागल्या दारचा फणस धरला गो! बुंध्यापासून लगडलाय मेला!" मी लिहिलं, 'मागल्या दारचा फणस धरला.'

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मशीन उघडलं. हॅलिफॅक्सहून एक. आणि त्याच्याखाली कॅलगरीहून एक. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आता रोज असतं. यंत्र नाव सांगत नाही, अजूनही गावच सांगतं. पण मी आता आप्पांसारखीच झाल्ये. दुसरं कोण असणार? तिथे आपलं आणखी कोण आहे?

आयुष्यभर मी लोकांसाठी घरं बांधली आणि कोण आलं, कोण गेलं ते मोजलं. आता ज्याची वाट होती तो रोज येतो, आणि ज्याला सांगायचं तो नाही. साडेसातला हात फोनकडे जातो. परवा नाहीच राहवलं, आप्पांचा नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, म्हणून एक बाई सांगते. तिचं बोलणं संपेपर्यंत थांबले आणि म्हटलं, "आप्पा, लांबचा आलावता."